पाळणाघराची दरवाढ, वन्संना सविस्तर

ती. वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून, आणि कमरेत उसण भरल्यामुळे जेमतेमच वाकून, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला फोनवर विचारलं होतं, पण तुम्ही गुडघ्यावरून शेजारच्यांच्या जिन्यावर गेलात, जिन्यावरून त्यांच्या सुनेवर गेलात, आणि गुडघा बिचारा तसाच राहिला. म्हणून तर पत्र लिहायला बसले. राग मानू नका, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तुमचं ऐकायचं. सगळी उमर मुख्याध्यापिका म्हणून गेलेली, समोरचा बोलायला लागला की तुम्हाला वाटतं वर्गात गोंधळ होतोय. पत्रात कसं, मी काहीही लिहिलं तरी तुम्ही मला ‘थांब, आधी माझं ऐक’ म्हणू शकत नाही. (म्हणालात तरी मला ऐकू येणार नाही.)

इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचे बंधू वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीची तपासणी करत असतात. परवा दूधवाल्याचं माप तपासलं, काल माझं. म्हणजे मी चहात साखर किती घालते ते. प्रकृती उत्तम, भूक उत्तम, सल्ले भरपूर. तुमचा नातू तर नुसता फुललाय. आम्ही त्याला सगळे ‘राजे’च म्हणतो. सकाळी तुमची सूनबाई त्याला दारात उतरवून कामावर पळते, आणि राजे आत येऊन आधी इतरांचे डबे बघतात. स्वतःचं केळं खातात, शेजारच्याचं खातात, आणि मग आपल्याला केळी आवडत नाहीत म्हणून रडतात. फार गोड मूल आहे हो. तुमच्यावरच गेलंय.

तर मुख्य बातमी अशी की आमच्या पाळणाघराची दरवाढ झाली. झाली म्हणजे आपोआप नाही झाली, मी केली, आणि ती करताना माझी जी काही फरफट झाली ती तुम्हाला नाही सांगायची तर कुणाला? तुम्हाला आमची पुढची खोली माहीतच आहे. सोफा भिंतीला, सतरंजी मधोमध, खिडकीला खालपर्यंत जाळी, आणि त्यात सात पोरं. त्यांना मी सांभाळते, आणि मी काय घेत होते ते ऐकलंत तर तुम्ही हसाल. तो दर मी ज्या पहिल्या मुलासाठी ठरवला होता, त्याला आता मिसरूड फुटलंय. तो रस्त्यात भेटला की घोगऱ्या आवाजात ‘काय मावशी’ म्हणतो, आणि मला आठवतं की याच्याकडून घेत होते तेवढेच मी आजही घेते आहे. दुधाचे भाव वाढले, साबणाचे वाढले, घरभाडं तर विचारूच नका, माझा दर मात्र तिथल्या तिथे. कारण असं की मला पैसे मागता येत नाहीत. लोक आपलं दुखणं सांगतात ना, इकडेतिकडे बघून, हळू आवाजात, तसा मी माझा दर सांगते. आणि सांगून झालं की समोरचा काही बोलायच्या आत मीच म्हणते, ‘पण तुम्हाला जमेल तसं द्या हो.’ मग त्यांना जमेल तसंच जमतं.

हे असंच चाललं असतं. पण महिन्यापूर्वी एक नवीन आई चौकशीला आली. नीटनेटकी, बोलायला गोड. तिने खोली पाहिली, जाळी हलवून पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, आणि तिला सगळं पसंत पडलं. राजे त्या वेळी तिच्या पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालून उभे होते, तेही तिने हसून घेतलं. मग तिने दर विचारला. मी सांगितला. तिचा चेहरा पडला. ‘महिन्याचा?’ तिने विचारलं. मी म्हटलं, महिन्याचा. मग तिने छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत जाऊन न्हाणीघराचं दार उघडून आत डोकावली. ‘विचार करून सांगते’ म्हणून गेली ती गेलीच. पुढे कानावर आलं की ती सगळीकडे सांगत फिरतेय, एवढ्याशा पैशात कोण कशाला पोरं सांभाळेल, नक्की त्यांना झोपेचं औषध देत असणार! वन्सं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झोपेचं औषध! ते मिळत असतं तर आधी मी नसतं का घेतलं? आमच्याकडे दुपारी सहा पोरं झोपली तर सातवं त्यांना उठवतं. (सातवं म्हणजे कोण ते सांगत नाही. मूल लहान आहे.) आणि एवढं बोलून बाईने आपलं पोर घातलं कुठे, तर कोपऱ्यावरच्या त्या नव्या चकचकीत पाळणाघरात, जिथे माझ्या तिप्पट घेतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या बंधूंना म्हटलं की दर वाढवायचा, पण वाजवी हवा. त्यांच्या अंगात एकदम खातं संचारलं. म्हणाले, वाजवी म्हणजे काय ते शास्त्रावर ठरतं, तुझ्या मनावर नाही. आणि माळ्यावरून त्यांनी तो मोठा वजनकाटा खाली काढला, निवृत्तीच्या वेळी खात्याने भेट दिलेला. त्यांचं शास्त्र असं, की जे मूल जड ते उचलायला कष्ट जास्त, खायला जास्त, सोफ्याची झीज जास्त. म्हणून दर वजनावर. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांची रांग लागली. वकिलीणबाईंची मुलगी, तिला आम्ही चिमणी म्हणतो, एकदा काट्यावर चढली ती उतरेना. तिला वाटलं हे आपलं सिंहासन. बेकरीत काम करणाऱ्या बाईंचा मुलगा, ज्याला आम्ही हातोडी म्हणतो (कारण हातात येईल त्याने समोर येईल ते ठोकतो), त्याचं वजन दोनदा केलं तर दोनदा वेगळं आलं. तुमच्या बंधूंना वाटलं काटा बिघडला. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला दया आली. मग कळलं की पोराच्या खिशात आमचे लाकडी ठोकळे होते. राजे चढले तेव्हा काट्याने असा काही आवाज केला की सगळी पोरं मागे सरकली. आकडा कळवत नाही, उगाच दृष्ट लागायची.

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला आणि तो मला वाचून दाखवला. त्या हिशेबाने सगळ्यात कमी पैसे निघाले ते तान्ह्याचे. ते जेमतेम पाच महिन्यांचं आहे, पिसासारखं हलकं, म्हणजे जवळजवळ फुकटच. मी ते तान्हं उचललं, तुमच्या बंधूंच्या हातात दिलं, आणि पिशवी घेऊन बाजारात गेले. खाली ठेवलं की ते रडतं, बसलं की रडतं, उभ्या माणसाने डुलत राहिलं तरच गप्प असतं, एवढं मात्र दारातून सांगितलं. वांगी-टोमॅटो पाहत सावकाश परत आले तर तुमचे बंधू मी सोडले होते त्याच फरशीवर उभे, डुलतायत, कपाळावर घाम, आणि नाकावर माशी बसली होती तरी हाकलायची हिंमत नाही. मला पाहिल्यावर ओठ न हलवता म्हणाले, ‘वजनाचं रद्द.’

शास्त्र संपलं. मग मला वाटलं, बाजारात चौकशी केल्याशिवाय भाव कसा कळणार? त्या चकचकीत पाळणाघरात नक्की काय घेतात आणि कशाचे घेतात, ते एकदा बघून यावं. पण जायचं कसं? एक पाळणाघरवाली दुसरीकडे जाऊन दर विचारते हे बरं दिसत नाही. म्हणून मी आजी होऊन गेले. एका दुपारी पोरांवर तुमच्या बंधूंना आणि शेजारणीला बसवलं, चांगले कपडे घातले, आणि गेले. आता खोटं बोलायची सवय नाही हो मला, त्यामुळे एकदा बोलायला लागले की कुठे थांबावं कळत नाही. तिथल्या संचालिकाबाई समोर बसल्या. केस आखूड, चष्मा गळ्यात अडकवलेला, हातात कागद. मी म्हटलं, नातीसाठी आलेय, अडीच वर्षांची आहे. त्यांनी नाव विचारलं. वन्सं, मी सगळं ठरवून गेले होते, नाव ठरवायचं राहिलं. मी म्हटलं, ‘नाव अजून ठरलं नाही.’ त्यांनी कागदावरून मान वर केली. अडीच वर्षांत? मी म्हटलं, घरात एकमत होत नाही. मग त्यांनी सवयी विचारल्या. एव्हाना मला त्या मुलीची चांगली ओळख झाली होती. मी सांगितलं की ती फार हट्टी आहे, डाव्या कुशीवर झोपते, पावाची कड खात नाही, आणि आईची आठवण आली की मोजे काढून फेकते. बोलता बोलता मला त्या पोरीची इतकी माया आली की डोळ्यांत पाणी आलं. संचालिकाबाईंनी मला रुमाल दिला.

दर मात्र ऐकला आणि डोळे कोरडे झाले. प्रवेशाचे वेगळे, अनामत वेगळी, खेळण्यांचे वेगळे, थंड हवेच्या यंत्राचे वेगळे, आणि ‘उपक्रम’ म्हणून आणखी काही. मी विचारलं, उपक्रम म्हणजे काय? तर म्हणे मुलं माती हाताळतात. आमच्याकडे मुलं माती खातात आणि मी त्याचा एक पैसा घेत नाही! हे मी मनात म्हटलं आणि उठले, तेवढ्यात आतून एक पोरगं धावत आलं आणि ‘मावशीऽऽ’ करून माझ्या पायाला मिठी मारली. गेल्या वर्षी माझ्याकडे होतं ते. मी पाय सोडवायला बघतेय, ते सोडत नाही, आणि रुमाल परत द्यावा म्हणून पर्स उघडली तर त्यातून दोन चोखण्या आणि एक झबलं खाली पडलं. संचालिकाबाईंनी ते उचलून मला दिलं. फक्त म्हणाल्या, ‘नातीचं नाव ठरलं की कळवा.’

घरी आले ती तोंड लपवूनच. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी, पोरांची जेवणं चालू असताना, दारावर टकटक. उघडते तो काय, त्याच संचालिकाबाई. गळ्यात चष्मा, चेहरा अगदी साळसूद. म्हणाल्या, ‘नातवासाठी चौकशी करायला आलेय.’ मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, घरी आलेल्याला मी खोटं पाडत नाही. मी म्हटलं, या, बसा, नाव काय नातवाचं? तर त्या तयारीने आल्या होत्या, फटकन नाव सांगितलं. पुढे मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या, नातू काय खातो, कधी झोपतो, कुत्र्याला कसा भितो. मलाही राहवेना, मी माझ्या नातीचं सांगितलं. दोघींची पोरं एका वयाची निघाली. चांगलं जमलं असतं त्यांचं.

तेवढ्यात हातोडीने चिमणीच्या डोक्यात चमचा घातला, चिमणीने हातोडीच्या भातात पाणी ओतलं, तान्हं दचकून रडायला लागलं आणि राजे ती संधी साधून चिमणीची वाटी घेऊन सोफ्यामागे गेले. मी तान्ह्याकडे धावले. मागे वळून बघते तर संचालिकाबाई चांगल्या कपड्यांनिशी सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या. एका हाताने चिमणीचं डोकं चोळतायत, दुसऱ्या हाताने हातोडीला भरवतायत, आणि सोफ्यामागे न बघताच म्हणाल्या, ‘वाटी पुढे आण, मला दिसतेयस.’ आणि राजे आले हो वाटी घेऊन! माझं इतक्या महिन्यांत ऐकलं नाही. मग मात्र मला हसू आवरेना. त्याही हसायला लागल्या, इतक्या की त्यांचा चष्मा भातात पडला.

पोरं निजल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं. तिप्पट घेतात खरं, पण जागेचं भाडं, यंत्राचं वीजबिल, भिंतीवरचे ते हत्ती-जिराफ रंगवणाऱ्याचं बिल, तीन मदतनिसांचे पगार, एवढं गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या हातात माझ्याहून फार काही पडत नाही. वर आयांच्या तक्रारी, की एवढे घेता आणि मुलाची बाही ओली कशी? त्या म्हणाल्या, मला वाटत होतं तुम्हीच सुखी. मी म्हटलं, मला वाटत होतं तुम्ही. मग त्यांनी मला विचारलं की तुम्ही दर ठरवताना स्वतःचे किती धरता? मी म्हटलं, स्वतःचे म्हणजे? ‘तुमच्या कष्टाचे,’ त्या म्हणाल्या. वन्सं, मी दूध धरलं होतं, साबण धरला होता, सोफ्याचं कापड धरलं होतं, मला स्वतःला कुठेच धरलं नव्हतं. ते धरून दोघींनी मिळून हिशेब केला तर आकडा आला माझ्या तेव्हाच्या दराच्या दीडपट. ना कुणाला लुबाडणारा, ना कुणाला झोपेच्या औषधाचा संशय येईल असा.

जाताना दारात चपला घालता घालता त्या म्हणाल्या, ‘एक लक्षात ठेवा. आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं. नंतर एक अक्षर नाही. तुम्ही जे काही गमावता ना, ते त्या पुढच्या वाक्यात गमावता.’

मी दोन दिवस सराव केला. भांडी घासताना आकडा म्हणायचा आणि ओठ दाबायचे. तुमच्या बंधूंना समोर बसवून म्हणून बघितला, तर ते म्हणाले, ‘जास्त वाटतो.’ मी लगेच म्हटलं, ‘मग थोडा कमी करू?’ म्हणजे घरच्याच परीक्षेत नापास. शेवटी पहिल्या तारखेच्या आधी एका संध्याकाळी मन घट्ट केलं आणि दारात उभी राहिले. सुरुवात नेमकी वकिलीणबाईंपासून. त्यांना वाद घालायचेच पैसे मिळतात. मी आकडा सांगितला आणि तोंड मिटलं. त्याही गप्प. बहुतेक त्यांनाही कुणीतरी तेच शिकवलेलं. मी त्यांच्याकडे बघतेय, त्या माझ्याकडे बघतायत, चिमणी दोघींकडे. माझं ‘पण तुम्हाला जमेल तसं’ अगदी दाताशी येऊन उभं होतं. मी जीभ चावून धरली, खरंच चावली, दुसऱ्या दिवशी चहा पिववेना. शेवटी त्यांनीच सुस्कारा सोडला. म्हणाल्या, ‘एवढंच ना? तुमचा चेहरा बघून मला वाटलं, पाळणाघर बंद करताय.’ आणि मुलीला कडेवर घेऊन गेल्यासुद्धा! एक बाजू जिंकली की अंगात बळ येतं. मग तान्ह्याच्या आईला सांगितलं, जुळ्यांच्या बाबांना सांगितलं (ते इतके थकलेले असतात की दुप्पट सांगितलं असतं तरी ‘बरं’ म्हणाले असते), आणि सगळं सुरळीत पार पडलं.

शेवटी हातोडीची आई आली. ती बेकरीत पहाटेपासून उभी असते. नवरा परगावी, एकटीच सगळं ओढते. तिला बघितलं आणि माझा सगळा सराव पाण्यात गेला. आकडा सांगितला, आणि तोंड मिटायच्या आत म्हणून गेले, ‘पण हे बाकीच्यांना हं, तुला जुनाच दर.’ मला वाटलं तिला बरं वाटेल. तर तिने मुलाच्या पायातला बूट चढवता चढवता थांबून वर पाहिलं आणि म्हणाली, ‘मला का जुना?’ मी आपली काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, ‘मावशी, मला सूट देऊ नका. कधी भट्टी उशिरा बंद होते, यायला वेळ होतो, तेव्हा मी तुमच्या दारात ताठ मानेने येते, कारण मी पुरे पैसे देते. उद्या तुम्ही सूट दिलीत, की उशीर झाला तर मी तुमच्याकडे बघू कशी? आणि हा रोज काहीतरी फोडतो. ते मी कुठल्या तोंडाने ऐकून घेऊ?’ मग जरा हसून म्हणाली, ‘फक्त दोन महिने थांबा. पगार वाढायचाय, वाढला की नवा दर चालू.’ मी बरं म्हटलं. मला आजवर वाटायचं, कमी पैसे घेतले की आपण मोठ्या मनाचे. समोरच्याला त्याचं किती ओझं होतं ते डोक्यातच आलं नव्हतं.

असो. दरवाढ झाली, एकही मूल गेलं नाही, उलट त्या झोपेच्या औषधवाल्या बाई परवा दारावरून जाताना थांबल्या आणि नवा दर ऐकून म्हणाल्या, ‘जागा आहे का?’ मी नाही म्हणून सांगितलं. किती गोड लागलं ते म्हणणं! संचालिकाबाई आता दर आठवड्याला चहाला येतात. आम्ही एकमेकींच्या नातवंडांची चौकशी करतो.

गुडघ्याला शेक देत जा, आणि जिने कमी करा. भेटीची वाट पाहते, आणि माझ्या अक्षराला हसू नका ही विनंती.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. : वन्सं, एवढी पानं लिहिली पण जे लिहायला बसले होते ते राहिलंच. सांगितलं सगळ्यांना, पण सात मुलांपैकी सहाच मुलांच्या घरी सांगितलं. सातवे राजे. ते माझ्याकडे यायला लागले तेव्हा तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ‘घरचंच मूल आहे, पैशाचा प्रश्न येतोच कुठे?’ आणि मी ‘छे छे’ म्हणाले होते. (तुमच्यापुढे मी आजवर दुसरं काय म्हणालेय?) पण तो प्रश्न येतो हो. तो रोज सकाळी येतो, आणि सगळ्यांची केळी खातो. सूनबाई बिचारी संध्याकाळी दारातूनच मूल घेऊन जाते, कधी घरात पाऊल टाकत नाही, माझ्या नजरेला नजर देत नाही. मला वाटायचं तिला गर्व आहे. पण बेकरीतल्या बाई बोलल्या तेव्हापासून वाटतंय, फुकटात ठेवून मीच तिला अवघडवून टाकलं. तेव्हा राजेंचीही फी सुरू करायची म्हणते. तुम्ही मोठ्या, तुम्हाला विचारल्याशिवाय तिच्याशी बोलणं बरं नाही. आकडा वर लिहिलाय, दीडपट. पुढे एक अक्षर लिहीत नाही.

ता. क. २ : लिहिते. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात सूनबाई आली. मला राहवेना. म्हटलं, अगं, मी तुझ्या सासूबाईंना राजेंच्या फीबद्दल लिहितेय, आत ये, बस. तर ती दारातच रडवेली झाली. म्हणाली, ‘मामी, कमी पडतायत का? मी तर पहिल्या महिन्यापासून मामांच्या हातात देतेय. सासूबाईंना कळू नये म्हणून तुम्हीच मामांकरवी घेता असं मला वाटलं. आणि तुम्ही कधी पोच दिली नाहीत, कधी मिळाले म्हणून हसलाही नाहीत, म्हणून आत यायला भीती वाटायची.’ वन्सं, मी तुमच्या बंधूंकडे पाहिलं. ते वजनकाट्याला तेल घालत होते. आधी ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग म्हणाले, पैसे कुठे गेले नाहीत, बँकेत ठेवलेत. (ठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.) म्हणे, तुझ्या हातात दिले असते तर तू ते दुसऱ्याच पोरांना सूट देण्यात उडवले असतेस! आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू? हे खरं आहे. मी खरंच उडवले असते. सूनबाईला आत ओढून आणलं, चहा दिला. ती हसली तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, तिच्या गालाला खळी पडते. तेव्हा वरचं ता. क. वाचून विसरा. फाडलं असतं, पण त्याच्या पाठच्या बाजूला तुमच्या गुडघ्याला शेक द्यायचं लिहिलंय.

ता. क. ३ : आता खरी विनंती. उद्या मी त्यांच्याकडे ते पैसे मागणार आहे, आणि त्यानंतर तुमचे बंधू काही दिवस माझ्या डोळ्यांसमोर नसलेले बरे. तुमच्याकडे पाठवते आहे. स्वभाव शांत, दुपारी आपले आपण झोपतात, खाण्याची खोड नाही, फक्त जवळपास मोजता येण्यासारखं काहीतरी लागतं. घरचंच माणूस असलं तरी फुकट मुळीच ठेवून घ्यायचं नाही, मला ते ओझं नको. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दोन्ही वेळचं जेवण धरून, महिन्याचं काय घ्याल ते उलट टपाली कळवा. आणि वन्सं, स्वतःच्या कष्टाचे धरा.